तोंडातला बर्फ

प्यो इन्सू पहिल्यांदा मेला, तेव्हाही त्याची आई मीच होते.

राजेरजवाड्यांची मालिका होती. चित्रीकरणासाठी उभारलेलं मातीच्या भिंतींचं गाव, जानेवारीतली हाडं गोठवणारी थंडी, गवताच्या चटईखाली माझ्या मुलाचं प्रेत, आणि त्यावर पडून मी रडायचं. प्रेतासाठी एक नवा पोरगा आणला होता. कोरियाच्या दक्षिणेत समुद्रकाठच्या बल्ग्यो गावचा, बाजारात शिंपल्या विकणाऱ्या बाईचा मुलगा. मी ऊर बडवायला हात उचलला आणि बघते तर काय, प्रेताच्या नाकातोंडातून भसाभसा वाफ निघतेय.

"अरे गाढवा, मेलायस ना तू?" दिग्दर्शक ओरडला. "मग श्वास कसला घेतोस?"

सगळं युनिट खो खो हसलं. पोरगा लाजून अर्धमेला झाला. "पूर्ण मेला असतास तर बरं झालं असतं," असं मी म्हटलं तेव्हा तोही हसला. मग मी त्याला जुन्या नटांची युक्ती सांगितली. तोंडात बर्फ धरायचा. तोंड आतून गार पडलं की वाफ दिसत नाही. त्याने छपराला लोंबणारी बर्फाची कांडी मोडली, तोंडात कोंबली आणि आडवा झाला. माझं रडणं चारी बाजूंनी टिपून झालं, दुपार सरली, तरी हा हलला नाही. उठला तेव्हा ओठ जांभळे पडले होते.

"आई, नीट मेलो ना मी?" त्याने विचारलं.

तिथून मी त्याची आई झाले. आमच्या धंद्यात रीतच आहे तशी. पडद्यावर जिला एकदा आई म्हटलं तिला मालिका संपली तरी आईच म्हणायचं. माझी अशी पोरं सोलभर पसरलीत आणि त्यातली निम्मी मला ओळखही दाखवत नाहीत. इन्सू दाखवायचा. सणाला नासपतीची पेटी घेऊन यायचा, घरातले गेलेले दिवे बदलून द्यायचा, भांडं खरवडून जेवायचा. मला तो "आई" म्हणायचा आणि गावाकडच्या आईला "आये". दोघींची सरमिसळ त्याने कधी केली नाही. ती लोकांनी केली.

पुढची बरीच वर्षं तो मरतच राहिला. बाण लागून, विहिरीत पडून, विष पिऊन. कधी दरोडेखोर, कधी निरोप देऊन कोसळणारा शिपाई. मग एका सिनेमात त्याला गुंडाच्या उजव्या हाताचं काम मिळालं. वाक्यं थोडीच होती, पण समोरच्याला मारायच्या आधी तो विचारायचा, "जेवलास का?" आणि ते इतक्या मायेने, की थिएटरात लोकांच्या अंगावर काटा यायचा. ते त्याने आयेकडून जसंच्या तसं उचललं होतं. रस्त्यावरची पोरंटोरं एकमेकांना त्याच्या आवाजात जेवणाचं विचारू लागली. मग मोठी कामं आली, आणि आम्हा दोघांची ती किमची, म्हणजे आमचं कोबीचं लोणचं, ठेवायच्या फ्रीजची जाहिरातही आली. तिच्यात मी त्याच्या तोंडात घास भरवते. ती एवढी चालली की भाजीवाली मला विचारायची, "काय हो, मुलाचं लग्न कधी?" मीही म्हणायची, "मुलगी दाखव, उद्याच उरकते."

आयेला याचं वाईट वाटतं का, मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "आये म्हणते, सोलमध्ये तुला जेवू घालणारी आहे कोणीतरी, माझा घोर गेला."

पुढे घडलं ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं. आमच्या मालिका कशा निघतात हे काय सांगू? संध्याकाळी दाखवायचा भाग सकाळी लिहून झालेला नसतो. लेखिका घरी बसून उंटावरून शेळ्या हाकते, एकेक पान धाडते, आणि ते हातात घेऊन आम्ही कॅमेऱ्यासमोर उभे राहतो. झोप म्हणजे दोन प्रसंगांच्या मध्ये गाडीत मान टाकणं. अशाच एका मालिकेत दिव्यांच्या कामावरचा एक माणूस उभ्या उभ्या झोपला आणि शिडीवरून पडून त्याचा हात मोडला. इन्सू सगळ्यांदेखत म्हणाला, "आज काम बंद ठेवा. माणसं झोपू देत." आणि गाडीत जाऊन बसला. एवढंच. एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, नट नखरे करून सेट सोडून पळाला. लोकांनी त्याला अशा शिव्या घातल्या की वाचणाऱ्याने डोळे धुवावेत. त्याला काळा सूट चढवून कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकावं लागलं. "मी चुकलो, मी खोलवर आत्मपरीक्षण करतो आहे," असं म्हणावं लागलं. आत्मपरीक्षण म्हणजे आमच्याकडे कोणाला तोंड दाखवायचं नाही आणि कोणी काम द्यायचं नाही. झोप मागितली म्हणून! दोन वर्षं तो बल्ग्योत आयेशेजारी बसून शिंपल्या निवडत होता.

शेवटी मी दिग्दर्शक हामच्या मागे लागले. त्याच्या रोजच्या मालिकेत मी आई होते. म्हटलं, "माझ्या मुलाचं काम इन्सूला दे, नाहीतर दुसरी आई शोध." इन्सू परत आला आणि लोकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं. पण "थकलो" हा शब्द त्याने कायमचा गिळला होता. मेकअपच्या खुर्चीत त्याचे हात थरथरताना दिसले तेव्हा मी म्हटलं, "सांग त्यांना, अर्धा दिवस तरी सुट्टी घे."

"नाही आई," तो म्हणाला. "आता पुन्हा तोंड उघडायचं नाही."

मालिका संपायला थोडेच आठवडे उरले होते. कडाक्याची थंडी होती. दोन प्रसंगांच्या मध्ये तो गाडीत मान टाकून झोपला आणि मी त्याला हाक मारायला गेले. गाडीच्या काचांवर आतून वाफ धरली नव्हती. सगळ्यात आधी मला ते दिसलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एक्केचाळीस वर्षांचं पोर.

शोकगृह इस्पितळाच्या तळघरात होतं. दारापासून जिन्यापर्यंत पांढऱ्या फुलांच्या चक्रांची रांग लागली होती. जिवंतपणी दोन वर्षं ज्यांनी त्याचा फोन उचलला नाही, त्यांच्याच नावाच्या फिती सगळ्यात रुंद. मधोमध इन्सूचा हसरा फोटो. बायको नाही, मूल नाही, म्हणून त्याचा धाकटा काका दंडाला पट्टी बांधून सुतकी म्हणून बसला होता. मी बाजूला कोपरा धरला.

आणि लोक यायचे, फोटोपुढे दोनदा डोकं टेकायचे, काकाला एकदा वाकायचे, आणि थेट माझ्याकडे यायचे.

"आई, कसं सोसणार हो तुम्ही!"

"अहो, मी नव्हे," मी म्हणायची. "त्याची आई तिकडे आहे."

"खरंय, शब्दच सुचत नाहीत तुम्हाला," म्हणत ते माझे हात हातात घ्यायचे आणि दारातले फोटोवाले धडाधड फोटो काढायचे. मी बोट दाखवायची तिकडे कोणी बघायचंच नाही. बघितलं असतं तरी दिसली नसती. शोकाला आलेल्यांना जेवू घालायची रीत, त्यासाठीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक लहानखुरी म्हातारी बसली होती. थंडी वाजते म्हणून काळ्या कपड्यांवर तिने बाजारातलं जुनं, कापूस भरलेलं जाकीट चढवलं होतं. तीच मालसुन, इन्सूची आये. दर हिवाळ्यात तिच्याकडून शिंपल्यांची पेटी यायची, फोनवर आम्ही बोलायचो, पण समोरासमोर कधी आलो नव्हतो.

"मावशी, इकडे एक सूप," टेबलावरून एका चॅनेलच्या साहेबाने हाक मारली. "आणि भात आणा गरम."

मालसुन उठली. तिने तबकात लाल तिखट सूप ठेवलं, भात ठेवला, नेऊन मांडला, साहेबाच्या जेवायच्या काड्या सरळ केल्या.

"थोडी किमची पण आणा, मावशी."

ती किमची आणायला वळली आणि माझा तोल गेला. "अरे मेल्या, ती इन्सूची आई आहे!"

साहेब खुर्ची पाडत उठला आणि कमरेत वाकला तो वाकलेलाच राहिला. मालसुननेच त्याच्या कोपराला धरून त्याला खाली बसवलं. म्हणाली, "बसा, बसा. जेवा. माज्या पोराच्या दारी आलाय तुमी, उपाशी नगा जाऊ."

मी तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसले. रडू दोघींनाही येत नव्हतं. तिचे हात खाऱ्या पाण्याने भेगाळून गेले होते. ती म्हणाली, "तुमी लई चांगलं रडला होता. त्या चटईच्या येळंला. म्या सगळी आळी गोळा करून बघितलं."

"बर्फाचं सांगितलं होतं त्याने?"

"तर! दात ठणकायचे त्याचे. फोनवर म्या शिव्या घातल्या, थुंकून टाक म्हनलं त्यो बर्फ. तर म्हनतो कसा, आये, थुंकला तर मी जिता दिसंन की."

तेवढ्यात काका आला. माणूस वाईट नव्हता. डोळे रडून सुजले होते त्याचे. पण आवाज दबका ठेवून तो बोलला तेही सगळ्यांनी ऐकलं.

"वहिनी, उद्या सकाळी दाहिनीला तुमी यायचं न्हाई."

मालसुनने जाकीट अंगाशी ओढून घेतलं.

"आईबापाच्या आदी गेलेलं पोर. त्याच्या मागं आईनं जायचं नसतं. आपल्या घरात कुनी गेलेलं न्हाई."

"नुसती दारापत्तुर येते. आत न्हाई येत."

"दारापत्तुर बी न्हाई. कॅमेरे हायेत भाईर. उद्या बल्ग्योत कुनाला तोंड दावायचं? घरी जायचं तिकीट काढलंय तुमचं."

मी मधे पडले. म्हटलं, "अहो, कोणत्या काळात आहात तुम्ही?"

"बाई, तुमी पडद्यावरच्या," तो हात जोडल्यासारखं करत म्हणाला. "हे आमच्या घरातलं हाय."

मालसुन जाकिटाचं एकच बटण लावत होती, काढत होती.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसा त्याच वेळी दिग्दर्शक हाम आला. फोटोपुढे डोकं टेकून थेट माझ्याकडे. खिशातून त्याने घडी घातलेलं पान काढलं. लेखिकेचं पान!

"बाई, चॅनेलने ठरवलंय," तो खाली बघत म्हणाला. "मालिकेतला मुलगाही अपघातात जाईल. उद्या सकाळी आठला चित्रीकरण, संध्याकाळी प्रसारण. आई मुलाला निरोप देते, तेवढाच प्रसंग."

"उद्या सकाळी आठला तो खरोखर जाणार आहे, हाम! मी तिथे असेन."

"नाहीतर तो मधूनच गायब होईल, बाई. लोकांना निरोप तरी..."

"लोकांना! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघालात, आणि वर निरोपाच्या गोष्टी?" मी पान चुरगाळून फेकलं. हामच्याही डोळ्यांखाली महिनाभराच्या न झालेल्या झोपेचे खड्डे होते.

मालसुनने तो बोळा उचलला, गुडघ्यावर ठेवून सरळ केला आणि अक्षराखाली बोट धरून वाचला. बराच वेळ लागला तिला.

"यात आई जाती व्हय?" तिने विचारलं.

"हो."

"कुटवर?"

"दाहिनीच्या दारापर्यंत," हाम म्हणाला.

"मग करा तुमी हे, बाई." तिने पान माझ्या हातात दिलं. "एक तरी आई जाऊ दे त्याच्या संगं."

मला काय झालं कोण जाणे. मी हामला म्हटलं, "मी येते. पण मागच्या गर्दीत एक बाई जास्त असेल." हामने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. काकाला सांगितलं, वहिनींना मी बसवर सोडते. ते खोटं नव्हतं. बस दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती.

सकाळी स्टुडिओत दाहिनी तयार होती. प्लायवूडची भिंत, तिच्यावर पोलादी रंग, मधे सरकतं दार. शवपेटीत वाळूची पोती घातली होती, म्हणजे उचलणाऱ्यांचे गुडघे खरे वाकतात. कपडेपटातल्या मुलीने मालसुनच्या केसांत सुतकाची पांढरी फीत खोवली आणि तिला मागच्या बायकांत उभं केलं. शेजारची तिला म्हणाली, "पहिलीच वेळ का मावशी? कॅमेऱ्याकडे तेवढं बघू नका, शिव्या बसतात." मालसुनने मान डोलावली.

हामने इशारा दिला. पेटी हलली. मी पेटीवर झेपावून रडायचं होतं. पन्नास वर्षं मी सांगाल तेव्हा, सांगाल त्या डोळ्यातून पाणी काढत आलेय. त्या सकाळी काही नाही. डोळे कोरडे, घसा कोरडा. पेटी दाराकडे चालली होती आणि मी तोंडावर रुमाल धरून खांबासारखी उभी. त्याच घटकेला शहराच्या दुसऱ्या टोकाला काका खऱ्या पेटीमागून चालत असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

मग कोणीतरी मला मागून ढकललं आणि पुढे गेलं.

मालसुनने दोन्ही तळवे पेटीवर ठेवले. पेटी वाहणारे थांबले. ती हळूच म्हणाली, "जेवलास का रं?"

तिने बोटांनी झाकणावर टकटक केलं, निजलेल्याला उठवावं तसं.

"आता थुंकून टाक त्यो बर्फ. शूटिंग संपलं, बाळा. थुंक. दात दुखतील."

आणि मग तिने हंबरडा फोडला. तसा आवाज मी आयुष्यात कधी काढला नाही, कधी ऐकलाही नाही. दिव्यांवरच्या माणसांनी भिंतीकडे तोंडं फिरवली. हाम "कट" म्हणाला नाही. पेटी तिच्या हातांखालून सरकत सरकत त्या रंगवलेल्या दारातून आत गेली आणि पलीकडे उभ्या असलेल्या सुतारांनी ती उतरवून घेतली.

नंतर मी तिला गरम पाणी पाजलं. तिने विचारलं, "आत काय घातलं होतं वो?"

"वाळू."

"वजन बराबर घातलं होतं," ती म्हणाली.

संध्याकाळी मी तिला बसस्थानकावर घेऊन गेले. दक्षिणेकडच्या बसेसचा तो कोपरा. बाकांवर बल्ग्योकडचीच माणसं, गाठोडी घेऊन बसलेली. भिंतीवर टीव्ही होता आणि सगळ्यांच्या माना वर. आमची मालिका लागली.

पडद्यावर माझा चेहरा आला. रुमालाआड अर्धा झाकलेला, कोरडा, भिंतभर मोठा. आणि त्यावर आवाज तिचा. बर्फाचं काढून टाकलं होतं. मालिकेत कुठला बर्फ? जेवणाचंही काढलं होतं. शब्द सगळे कापले आणि हंबरडा तेवढा ठेवला, माझ्या रुमालामागून येतोय असा. मालसुनची पाठ एकदा दिसली न दिसली. मालसुन मांडीवर हात ठेवून बघत होती. बाकांवरच्या बायका हुंदके देत होत्या.

भाग संपला आणि शेजारच्या एका बाईने वळून माझ्याकडे बघितलं. "अगंबाई, ह्या तर त्याच! बाई, काय रडलात हो! सख्ख्या आईला तरी असं रडता येईल का?"

लोक भोवती जमले. बाईने आपला फोन काढला आणि मालसुनपुढे धरला. "मावशी, आमचा दोघींचा एक फोटो काढता का?"

"ही इन्सूची आई आहे," मी ओरडलेच. "खरी आई. तुम्ही ऐकलात तो आवाज हिचा आहे, माझा नव्हे!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मालसुनने त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. तिच्या बाजारातले, तिच्या रस्त्यावरचे असावेत तसे चेहरे. उद्या सकाळी बल्ग्योत कोण कोणाला काय सांगेल, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आई दाहिनीपर्यंत गेली होती, मग ती दाहिनी प्लायवूडची का असेना.

"न्हाई वो," ती त्या बाईला म्हणाली. "बाईंनी थट्टा केली. म्या शिंपल्या इकते."

लोक हसले. फोनवाली बाई मला चिकटून उभी राहिली. मालसुन दोन पावलं मागे सरली, तिने भेगाळलेल्या दोन्ही हातांत फोन नीट धरला आणि मला हाक मारली.

"इन्सूच्या आई, हिकडं बघा."